पंप कापून दाखवायचाय: सेक्शन प्लेन कुठून न्यावं?

तिरपीरेघ | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीच्या अलीकडे माझं दोन कॉम्प्युटरचं छोटं ड्राफ्टिंगचं काम आहे. एरवी शीट मेटल आणि फॅब्रिकेशनची ड्रॉइंगं असतात. या खेपेला वेगळं काम आलंय आणि दोन दिवस त्यात अडकलेय.

एका पंपाची दुरुस्ती-पुस्तिका करायची आहे. खुल्या कोळसा खाणीतलं पाणी उपसायचा आडवा सेंट्रिफ्युगल पंप, एक इम्पेलर (पाणी फेकणारं फिरतं चाक), ग्लँड पॅकिंगवाला (शाफ्टभोवती डोऱ्या दाबून गळती आवरणारा). गिऱ्हाइकाने एक गोष्ट निक्षून सांगितली: "सातवं पान उघडलं की फिटरला पंप आतून दिसला पाहिजे. त्याला ड्रॉइंग वाचायला लावू नका." म्हणजे थ्रीडी मॉडेल कापून, आतला प्रत्येक भाग जागच्या जागी दाखवणारं चित्र.

मॉडेल स्टेप फाइलमध्ये आलंय, सदतीस पार्ट. मी फ्रीकॅड वापरते. व्ह्यू मेनूतलं क्लिपिंग प्लेन (मॉडेल कापून दाखवणारी सपाट पातळी) चालू केलं आणि शाफ्टच्या मध्यातून उभं नेलं. अर्धा पंप गेला, इथवर ठीक. पण केसिंगची, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाची, भिंत चांगली बोटभर जाड आहे, ती भरीव दिसतच नाही. आतली एक कड, बाहेरची एक कड आणि मधे रिकामं. पत्र्याचा डबा कापल्यासारखं. शाफ्ट म्हणजे नळी वाटते, बोल्टही पोकळ. असं चित्र छापलं तर फिटरचा गैरसमजच व्हायचा.

शिवाय शाफ्ट उभा चिरला जातोय. छापील पुस्तकांत तो नेहमी अख्खा असतो, तो तसा कसा ठेवतात? आणि मुळात प्लेन कुठून न्यायचं हे तुम्ही कशावरून ठरवता? मी मध्यातून नेलं, कारण मध्य पटकन सापडतो.

पुस्तिका पुढच्या शुक्रवारी छपाईला जायची आहे. स्क्रीनचं चित्र जोडलंय.

सेकंडशिफ्ट | शनिवार, रात्री १०:२५

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. क्लिपिंग प्लेन फक्त डोळ्यांसाठी असतं. ते मॉडेलला हातच लावत नाही. ग्राफिक्स कार्डला एवढंच सांगितलं जातं की या पातळीच्या अलीकडचं काही रंगवू नकोस. पडद्यावर जे रंगतं ते सगळं वस्तूचं वरचं कातडं असतं, त्यामुळे अर्धं कातडं काढलं की उरलेल्या कातड्याची आतली बाजू दिसते.

लाडू कापला तर आत लाडूच असतो, चेंडू कापला तर आत हवा. पडद्याला लाडू आणि चेंडू सारखेच दिसतात. आत माल भरलाय की नाही हे पार्टच्या भूमितीला माहीत असतं, चित्राला नसतं. काही सॉफ्टवेअर कापलेल्या जागी आपणहून झाकण रंगवून देतात, त्याला कॅप म्हणतात. फ्रीकॅडच्या साध्या क्लिपिंगमध्ये ते होत नाही.

तुम्हाला हवंय ते त्याच व्ह्यू मेनूत आहे, पर्सिस्टंट सेक्शन कट. ०.२० आवृत्तीपासून आलंय. ते खरोखर भूमिती कापून कापलेली बाजू भरीव करतं आणि तिला वेगळा रंगही देता येतो. एक्स, वाय, झेड तिन्ही दिशांची प्लेनं एका वेळी लावता येतात. अट एकच, पार्ट खरे सॉलिड हवेत. एकमेकांत घुसलेले पार्ट असले तरी ते अडखळतं. थ्रेड मॉडेल केलेले बोल्ट असतील तर हमखास.

आधी पार्ट वर्कबेंचमध्ये चेक जॉमेट्री चालवा आणि किती सॉलिड आहेत ते मोजा.

तिरपीरेघ | शनिवार, रात्री ११:४०

मोजले. सदतीसपैकी सव्वीस सॉलिड, अकरा नुसते शेल, म्हणजे आत माल नसलेलं कातडं. केसिंग, सक्शन कव्हर आणि बेअरिंग हाउसिंग तिन्ही त्या अकरांत आहेत! जे दाखवायचं तेच पोकळ.

शेप बिल्डरमधून शेलचं सॉलिड करत गेले. दहा झाले. केसिंग होत नाही, कुठेतरी फट आहे म्हणतं.

लोखंडीपूल | रविवार, सकाळी ८:१५

केसिंगची फट बहुधा व्होल्यूट (केसिंगचा गोगलगाईसारखा वळत जाणारा भाग) जिथे डिस्चार्जच्या, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या, गळ्याला मिळतो तिथे असणार. तिथल्या जिभेसारख्या टोकाशी फिलेट (गोल केलेल्या कडा) येऊन संपतात आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना तिथलाच एखादा फेस (पृष्ठभागाचा तुकडा) गळतो. ताई, तो कोपरा मोठा करून चारी बाजूंनी फिरवून पाहा. गळालेला फेस नव्याने भरायचा आणि मग शिवायचं.

मी सॉलिडवर्क्सवाला. आमच्याकडे इम्पोर्ट डायग्नोस्टिक्स अशा फटी दाखवतं आणि भरायचा प्रयत्नही करतं. नाही जमलं तर फेस हाताने भरून निट सरफेस करायचं आणि त्यातच सॉलिड बनवण्याची खूण करायची. एकदा सॉलिड झालं की सेक्शन व्ह्यूमध्ये कॅप आपोआप येतं.

तुमच्या शाफ्टच्या प्रश्नासाठी तिथे सेक्शन बाय कंपोनंट नावाची सोय आहे. शाफ्ट, चावी (शाफ्टवर चाक अडकवून ठेवणारा तुकडा), नट-बोल्ट यादीत टाकून वगळायचे, बाकी कापायचं. ड्रॉइंगमध्ये गेल्यावर हीच यादी सेक्शन स्कोप म्हणून विचारली जाते. इन्व्हेंटरमध्ये ब्राउझरमधल्या पार्टवर राइट क्लिक करून सेक्शन पार्टिसिपेशन, तिथे 'नन' केलं की तो पार्ट अख्खा. थ्रीडीत पाहायला इन्व्हेंटरमध्ये हाफ, क्वार्टर, थ्री क्वार्टर असे तयार प्रकार आहेत. फ्यूजनमध्ये इन्स्पेक्टखाली सेक्शन अॅनॅलिसिस. ते ब्राउझरच्या अॅनॅलिसिस फोल्डरमध्ये राहतं, डोळा बंद केला की मॉडेल परत पूर्ण.

सोय सगळीकडे आहे. नाव आणि जागा तेवढी बदलते.

गणेशपेठकर | रविवार, सकाळी ९:०५

एवढा खटाटोप कशाला? एक्स्प्लोडेड व्ह्यू करा, सगळे भाग ओळीने बाहेर काढून मांडा, नंबर द्या. फिटरला तेच लागतं. मी कूलरच्या मोटरपंपासाठी तसंच केलं होतं, अर्ध्या दिवसात झालं.

जुना_ड्राफ्टर | रविवार, सकाळी ११:३०

गणेशपेठकर, कूलरच्या पंपाला ते पुरेसं आहे. पण ही दोन चित्रं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. भाग ओळीने मांडले की कोणता आधी, कोणता नंतर हे कळतं. ते एकमेकांत कसे बसलेत, किती आत गेलेत, कुठे टेकलेत, कुठे जागा सुटली आहे, हे कळायला कापावंच लागतं. ग्लँडचा पंप असेल तर बसणं हाच सगळा मामला आहे. ताईंच्या गिऱ्हाइकाने बरोबर तेच मागितलंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ताई. मी व्हीआरसीईत असताना (आताचं व्हीएनआयटी) ड्रॉइंग हॉलमध्ये आम्हाला आधी काय कापायचं हे शिकवलंच नाही. काय कापायचं नाही, इथून सुरुवात होती. शाफ्ट, बोल्ट, नट, वॉशर, चावी, रिव्हेट, पिना, बेअरिंगच्या गोळ्या आणि रोलर, चाकाचे आरे, आणि रिब. प्लेन यांच्या लांबीतून गेलं तरी ते अख्खे दाखवायचे, हॅचिंग (कापलेल्या भागावरच्या तिरप्या रेघा) नाही. शाळा-कॉलेजांसाठी भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६ आहे, १९८८ सालचं, पुढे २००३ मध्ये सुधारलेलं. त्यात हे सगळं चित्रांसकट दिलंय.

हा नियम पाठ करून सोडून देतात, पण त्यामागचं कारण थ्रीडीत काम करणाऱ्यालाही उपयोगी आहे. छेद आतलं दाखवण्यासाठी घेतात. शाफ्टच्या आत काही नाही, तो आरपार लोखंड आहे. कापून नवीन काही कळत नाही, उलट त्याचा गोलपणा जातो आणि तो पट्टीसारखा सपाट दिसायला लागतो. बोल्टचंही तेच, षटकोनी डोकं दिसलं तर ओळखता येतं, चिरलं तर नुसता आयत उरतो.

रिबचं कारण वेगळं आहे आणि तिथे जास्त जण फसतात. तुमच्या बेअरिंग हाउसिंगखाली पायाला आधार देणारी त्रिकोणी रिब असेल. प्लेन तिच्या मधोमध लांबीतून गेलं तर तो सगळा त्रिकोण भरीव दिसेल आणि पाहणाऱ्याला वाटेल की तिथे लोखंडाचा अख्खा ढीग ओतलाय. प्रत्यक्षात ती बारा मिलिमीटरची फळी आहे. कास्टिंगचं वजन, साच्याचा आकार, सगळा अंदाज चुकतो. म्हणून रिबची रेघ दाखवायची पण हॅचिंग तिच्या कडेला थांबवायचं. रिब आडवी कापली गेली तर मात्र हॅचिंग करायचं, कारण तेव्हा तिची खरी जाडी दिसते.

सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही. त्याला रिब आणि भिंत एकाच सॉलिडचा भाग आहे. हे आपल्यालाच सांगावं लागतं.

हॅचिंगचं थोडक्यात: साधारणपणे पंचेचाळीस अंश. शेजारचा पार्ट उलट दिशेने. तिसरा लागून आला तर अंतर बदला. एकाच पार्टचे तुकडे पानावर कुठेही दिसोत, सगळ्यांचं हॅचिंग एकाच दिशेचं आणि एकाच अंतराचं. गॅस्केटसारखं फार पातळ काही असेल तर सरळ काळं भरा.

सेकंडशिफ्ट | रविवार, दुपारी १२:१०

काका, मस्त. रंगीत चित्रात हॅचिंगऐवजी कापलेल्या बाजूला एकच ठळक रंग देतात. आयटीआयच्या शेडमध्ये खरं इंजिन कापून ठेवलेलं असतं ना, कापलेल्या कडा लाल रंगवलेल्या, तसंच. ते ज्याने पाहिलंय त्याला लाल म्हणजे कापलेलं हे सांगावं लागत नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक फिटर आयटीआयतूनच आलेत.

ताई, फ्रीकॅडच्या पर्सिस्टंट कटमध्ये शाफ्ट वगळायचा तर तो यादीत घेऊच नका, त्याला कट शेजारी आहे तसा दिसू द्या. किंवा मी करतो तसं करा: पाचर बनवा. शाफ्टच्या अक्षावर टोक असलेली नव्वद अंशांची एक भरीव पाचर, पंपापेक्षा लांब. मग केसिंग, कव्हर, हाउसिंग यांच्या कॉप्या घेऊन त्यातून ती पाचर बूलियन कटने वजा करा. ज्याच्यातून वजा केली तेवढंच कापलं जातं. शाफ्ट, चावी, बोल्ट आपोआप अख्खे. कलिंगडाची फोड काढल्यासारखं चित्र मिळतं, आणि पंप अर्धा गेला असं वाटत नाही. बाहेरचा आकार तीन चतुर्थांश शिल्लक असतो, त्यामुळे शेडमधल्या पंपाशी डोळा लगेच जुळतो.

मूळ पार्टवर कट मारू नका, कॉपीवरच मारा.

धरमपेठ_वास्तू | रविवार, दुपारी १:४५

मी घरांची कामं करते, स्केचअपमध्ये. आमच्याकडेही सेक्शन प्लेन रोजचं. एका संदर्भात एका वेळी एकच प्लेन चालू राहतं, पण ग्रुपच्या आत शिरून लावलं तर त्या ग्रुपपुरतं वेगळं चालतं. त्यामुळे भिंत कापून आतला जिना अख्खा ठेवता येतो, तुमच्या शाफ्टसारखाच. २०१८ पासून कापलेल्या भागात रंग भरण्याची सोयही आहे, पण कड पूर्ण बंद नसेल तर भरत नाही. तुमच्या केसिंगच्या फटीचंच दुखणं.

प्लेन कुठून न्यायचं याचं आमचं उत्तर: जिन्यातून, संडास-बाथरूमच्या उतारातून आणि जिथे स्लॅबची पातळी बदलते तिथून. जिथे चूक झाली तर तोडावं लागेल, तिथून. घराच्या मध्याशी आम्हाला काही घेणं नसतं.

लोखंडीपूल | रविवार, दुपारी २:२०

हे लिहून ठेवण्यासारखं आहे. ऑटोकॅडमध्ये थ्रीडी करणाऱ्यांसाठी: सेक्शनप्लेन कमांडने लावलेलं प्लेन मधेच काटकोनात वळवता येतं, त्याला जॉग म्हणतात. दोन महत्त्वाच्या जागा एका रेषेत नसल्या की ते लागतं. लाइव्ह सेक्शन चालू ठेवून प्लेन हळूहळू ओढत न्या. प्लेन एका जागी ठेवून पाहण्यापेक्षा सरकवत पाहिलं तर जास्त सापडतं. मी कोणतीही असेंब्ली पाठवण्याआधी तिन्ही दिशांनी एकदा तरी असा हात फिरवतो.

फिटरभाऊ | रविवार, सायंकाळी ७:५५

ताई, मी पंपावर काम करून रायलो त्याले अठ्ठावीस वर्षं झाले. कॉम्प्युटरचं मले काई समजत नाई, पोरानं हा धागा दाखोला म्हणून लिहून रायलो. एक इचारतो.

तुमच्या चित्रात ग्लँडमंधी लँटर्न रिंग (डोऱ्यांच्या मधात पाणी वाटणारी कडी) दिसून रायली. पण तिले पाणी कुठून येते ते काहून नाई दिसत? स्टफिंग बॉक्सले, म्हणजे डोऱ्या बसतात त्या खणाले, एक भोक असते नं, सील वॉटरचं, त्याले बारीक पाइप लागते. ते भोक रिंगीच्या बरोबर डोक्यावर पायजे. आमच्याकडं नवीन पोरांची चूक होते ते इथंच. ग्लँड डोरी मोजून टाकत नाईत. आत एक डोरी जास्त गेली का रिंग बाहेर सरकते, भोकासमोर डोरी येते, अन् पाणी बंद. खाणीचं पाणी म्हणजे रेती अन् कोळशाची भुकटी. सील वॉटर नसलं का ते सारं डोरीत घुसते अन् शाफ्टची स्लीव्ह (वरची नळी) पट्ट्यापट्ट्यानं खाऊन टाकते. मंग कितीबी ग्लँड आवळा, धार काई थांबत नाई.

फिटरले पंपातलं एकच दाखवायचं असलं तं ते दाखवा. बाकी आमाले मालूम हाय.

तिरपीरेघ | रविवार, रात्री ११:५०

भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून जेवण अर्धवट सोडून कॉम्प्युटर चालू केला.

चित्रात भोक दिसत नव्हतं कारण ते मध्यावर नाहीच. वरच्या उभ्या रेषेपासून चाळीस अंश बाजूला आहे, वर फ्लँजचा बोल्ट येतो म्हणून बहुधा. माझं प्लेन सरळ उभं, मध्यातून. त्यात लँटर्न रिंग कापलेली दिसते, तिच्या दोन्ही बाजूंच्या डोऱ्या दिसतात, सगळं जागच्या जागी वाटतं. भोक त्या प्लेनवर नसल्यामुळे ते रिंगीसमोर आहे की नाही हे त्या चित्रातून कळायला मार्गच नव्हता.

मग प्लेन शाफ्टच्या अक्षाभोवती चाळीस अंश फिरवलं, भोकाच्या मध्यातून. आकडे लिहिते, कारण मी ते तीनदा मोजले:

डोरी बारा मिलिमीटर चौरस. लँटर्न रिंग वीस मिलिमीटर रुंद. भोक दहा मिलिमीटर व्यासाचं, त्याचा मध्य स्टफिंग बॉक्सच्या तळापासून चौतीस मिलिमीटरवर. म्हणजे भोक एकोणतीसपासून एकोणचाळीसपर्यंत. मॉडेलमध्ये तळाशी तीन डोऱ्या, मग रिंग, मग बाहेर दोन डोऱ्या. तीन डोऱ्या म्हणजे छत्तीस. रिंग छत्तीसला सुरू होते. दहा मिलिमीटरच्या भोकापैकी तीनच मिलिमीटर रिंगीसमोर येतात. उरलेल्या सात मिलिमीटरवर तिसरी डोरी बसली आहे.

पुस्तिकेत डोऱ्या बसवण्याचा तक्ता आहे, तोही मॉडेलवरूनच केलेला: आत तीन, बाहेर दोन. मी तो तसाच टाइप करून ठेवला होता.

सेकंडशिफ्ट | सोमवार, रात्री १२:२०

ग्लँड आवळल्यावर डोरी दबते ना? मग रिंग आत सरकून भोकासमोर येत असेल असं धरलं असेल का मूळ डिझाइनमध्ये?

फिटरभाऊ | सोमवार, सकाळी ६:१०

सरकते, पण एवढी नाई. रिंग समोर यायले बारा मिलिमीटर सरकाव लागते, म्हणजे पुरी एक डोरी. डोरी तेवढी दबली तं ती डोरी नाई रायली. बसोताना रिंग भोकाच्या थोडी बाहेरच्या अंगाले ठेवतात, पुढं दबून बरोबर येते म्हणून. थोडी म्हणजे थोडीच.

आत दोन, मंग रिंग, मंग तीन. असा हिशोब लावून पाहा.

तिरपीरेघ | सोमवार, सकाळी ६:४०

आत दोन लावल्या तर रिंग चोवीसला सुरू, चव्वेचाळीसला संपते. मध्य चौतीस. भोकाचा मध्यही चौतीस. भाऊ, मिलिमीटरला मिलिमीटर बसलं.

गिऱ्हाइकाला दोन्ही चित्रं पाठवते, नऊनंतर फोन करते.

जुना_ड्राफ्टर | सोमवार, सकाळी १०:१५

हे का झालं असेल ते मला दिसतंय. कागदावर छेद काढायचो तेव्हा अशी बाजूला असलेली भोकं, आरे, रिब आम्ही अक्षाभोवती फिरवून छेदाच्या प्रतलावर आणून दाखवायचो. तसा संकेतच आहे. भोक प्रत्यक्षात चाळीस अंशांवर असलं तरी जुन्या ड्रॉइंगमध्ये ते थेट वर, रिंगीच्या डोक्यावर काढलेलं असणार. वाचणारा एका नजरेत पाहतो: दोन डोऱ्या, रिंग, वर भोक. चूक व्हायला जागाच नाही.

कॉम्प्युटर हे आपणहून करत नाही. तो प्लेन जिथे आहे तिथलंच दाखवतो. तो खरं दाखवतो, पण ज्यासाठी छेद घेतला ते त्यात येईलच असं नाही. कागदावर काढताना ते भोक कुठे दाखवायचं याचा विचार माणसाला करावाच लागायचा, कारण त्याला ते हाताने काढायचं असायचं. आता एक बटण दाबलं की मध्याचा छेद तयार होतो, आणि तो इतका नेटका दिसतो की पुढे पाहावंसं वाटत नाही. कॉलेजातली मुलं माझ्याकडे प्रोजेक्ट घेऊन येतात तेव्हा मी हेच विचारतो: हे प्लेन इथून का नेलं? बहुतेकांनी ते मूळ प्लेन तयार होतं म्हणून घेतलेलं असतं.

ताई, टूडी ड्रॉइंग द्यायचं असेल तर अलाइन्ड सेक्शन घ्या. छेदरेषा खालून सरळ अक्षापर्यंत, तिथे वळवून भोकातून वर. दोन्ही टोकांना बाण आणि अ-अ, वळणाच्या जागी रेघ जाड. सॉलिडवर्क्सच्या ड्रॉइंगमध्ये तो प्रकार तयार आहे, फ्रीकॅडच्या टेकड्रॉमध्ये कॉम्प्लेक्स सेक्शन म्हणून मिळेल. थ्रीडी चित्रासाठी सेकंडशिफ्टची पाचरच घ्या, पण तिची वरची बाजू भोकाच्या मध्यातून न्या आणि तिथून खाली नव्वद अंश उघडा. मग भोक, रिंग आणि डोऱ्या एकाच कापलेल्या बाजूवर येतील, आणि बघणाऱ्याकडे तोंड करून.

आणखी एक. वेअर रिंगमधली (इम्पेलर आणि केसिंगच्या मधली झिजणारी कडी) फट मॉडेलमध्ये अर्धा मिलिमीटरही नसेल, पानावर ती दिसणार नाही. दिसावी म्हणून मॉडेलमध्ये वाढवू नका. शेजारी वर्तुळात मोठं करून वेगळं चित्र द्या आणि माप लिहा.

तिरपीरेघ | सोमवार, दुपारी ३:३०

फोन झाला. त्यांच्याकडे जुनं ब्ल्यूप्रिंट होतं, कपाटातून काढून फोटो पाठवला. काका, तुम्ही म्हणालात तस्संच आहे: भोक थेट वर काढलंय, खाली रिंग, आत दोन डोऱ्या, बाहेर तीन. थ्रीडी मॉडेल बाहेरून करून घेतलं होतं, त्यात डोऱ्यांचा क्रम उलटा झाला. नंतर कुणी त्या कोनातून कापून पाहिलंच नाही. मीही पाहिलं नसतं.

तक्ता दुरुस्त केला. केसिंगची फट लोखंडीपूल म्हणाले तिथेच निघाली, जिभेजवळ तांदळाच्या दाण्याएवढा एक फेस गळालेला. भरला, सॉलिड झालं. पाचर काकांनी सांगितली तशी लावली. रिबवर पाचर येतच नाही, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. कापलेल्या कडा लाल, डोऱ्या पिवळ्या, लँटर्न रिंग पितळी, भोकातून येणारं पाणी निळ्या बाणाने. शाफ्ट आणि बोल्ट अख्खे. चित्र जोडलंय.

धरमपेठ_वास्तू | सोमवार, दुपारी ४:०५

मला पंपातलं काही कळत नाही, पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते कळलं.

गणेशपेठकर | सोमवार, सायंकाळी ६:००

जुना_ड्राफ्टर, मान्य. एक्स्प्लोडेड चित्रात डोऱ्या पाचच दिसल्या असत्या, आत किती आणि बाहेर किती यावर कुणाची नजर गेली नसती. ताई, माझंही एक जुनं काम उघडून कापून पाहतोय आज.

फिटरभाऊ | सोमवार, रात्री ८:३०

ताई, फोटो पाहला. बरोबर हाय. दोन गोष्टी सांगतो, जमलं तं टाका.

डोरीचे जोड दाखवा. कापलेलं तोंड एकाखाली एक नाई आलं पायजे, हरेक डोरीचा जोड फिरवून टाकाव लागते, नाई तं पाणी सरळ रस्ता पकडते. अन् ग्लँडच्या तोंडाशी थेंब दाखवा. नवीन पोरं थेंब दिसला का आवळतात, पार कोरडं करतात, मंग डोरी जळते. थोडं ठिबकलंच पायजे.

तिरपीरेघ | मंगळवार, रात्री १०:१५

दोन्ही टाकलं, भाऊ. जोड प्रत्येक डोरीवर नव्वद अंशांनी फिरवून दाखवलेत. कापलेल्या भागात दोनच जोड येत होते, म्हणून पाचर तशीच ठेवून बाजूला पाची डोऱ्यांचं समोरून एक छोटं चित्र दिलं. ग्लँडखाली तीन थेंब काढलेत आणि लिहिलंय: "एवढं ठिबकू द्या."

गिऱ्हाइकाने आज आणखी एक मागितलंय. हेच सातवं पान मोठं करून, वर प्लास्टिक चढवून, खाणीवरच्या पंप शेडमध्ये लावायला. दोन फूट बाय तीन फूट. हात तेलकट असतात, पान उलटता येत नाही, म्हणून. सेकंडशिफ्ट, एवढ्या आकाराला फ्रीकॅडमधून चित्र किती पिक्सेलचं काढू? कडा फाटायला नकोत.

सेकंडशिफ्ट | मंगळवार, रात्री १०:४०

दोन हातांवरून बघायचं चित्र आहे, इंचाला दीडशे पिक्सेल पुरतील. दोन फूट म्हणजे ३६००, तीन फूट म्हणजे ५४००. टूल्स मेनूतल्या सेव्ह इमेजमध्ये आकडे टाकून काढा, पार्श्वभूमी पांढरी ठेवा. भोकाचा निळा बाण मात्र चित्र काढल्यावर वरून टाका, म्हणजे जाडी हवी तेवढी ठेवता येईल. शेडमध्ये उजेड कमी असतो.